मांजरेच्या खोऱ्यातला ऊस: नवी लागण थांबवायची का?

शिवार_लातूर
एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. आई पहाटे तीनला घागरी रांगेत लावायची, ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढं पाऊस बरा झाला आणि शिवारात पुन्हा ऊसच उभा राहिला. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तोच पितो. हरभरा साडेतीन-चार महिन्यांत रान मोकळं करतो, आडसाली ऊस दीड वर्ष पाणी मागतो.

माझं मत स्पष्ट आहे. मांजरेच्या खोऱ्यात उसाची नवी लागण थांबवा. उभा आहे तो ठिबकवर न्या, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) निघाला की ते रान तूर-हरभऱ्याला द्या.

खोडवा
दादा, लागण थांबवून मी लावू काय? तूर? २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. नवी तूर बाजारात आली तेव्हा भाव त्याच्याही खाली, कारण म्यानमार आणि मोझांबिकची तूर बिनशुल्क येत होती. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, कायद्यानं मिळते, चौदा दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक आहे. २०१४ च्या गारपिटीत माझा गहू-हरभरा भुईसपाट झाला, तेव्हा ऊस आडवा पडला पण वजनावर गेला. पोरीचं शिक्षण त्याच उसावर झालं. पाणी मलाही दिसतं, पण पदरी पैसा देणारं दुसरं पीक दाखवा.

तिफण
चौदा दिवस कायद्यात आहेत. माझं बिल चार महिन्यांनी आलं, तेही दोन तुकड्यांत. शिवाय तोडणीला टोळीनं वरचे पैसे घेतले ते वेगळेच. उसाचा पैसा खात्रीचा, हे सरसकट म्हणू नका.

पुरंदरची_लेक
भांडण पिकावर चाललंय, पाणी कुणाचं यावर कुणीच बोलत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वाटा लोकांनीच उचलायचा, म्हणून नियमही लोकांनीच पाळले.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजारही तसंच. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले, पुढं गावानं ठरवलं की शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि कुठलं पीक किती, ते त्यावर ठरतं. आधी माणसाचं पाणी, मग जनावराचं, मग पिकाचं. पाण्याचा हिस्सा ठरला की ऊस आपोआप कमी होतो, बंदीचा कागद काढावा लागत नाही.

खोडवा
ताई, हिवरे बाजारबद्दल मला आदर आहे. पण एका गावात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून वागतात. धरणाखाली कित्येक गावं, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचतच नाही, तिथं माणशी हिस्सा मोजणार कोण? बोअरचंच बघा. २००९ च्या भूजल कायद्यात शासनानं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरच्या खाली विहीर खणायला मनाई आहे. म्हणजे साधारण दोनशे फूट. माझी बोअर सातशे फुटांवर आहे आणि शेजाऱ्याची आठशेवर. मी थांबलो तर ते पाणी शेजारी ओढतो.

पुरंदरची_लेक
दादा, म्हणूनच तर सांगते. शेजाऱ्याच्या भीतीनं प्रत्येकजण खाली खाली जातोय. ही भीती एकट्यानं मोडत नाही. एका चारीवरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्यावरच्या) शेतकऱ्यांनी मिळून पाणी वापर संस्था केली तर मोजून पाणी मिळायची सोय कायद्यात आहे. सुरुवात तेवढ्यावर होऊ शकते.

शिवार_लातूर
खोडवा दादांचा भावाचा मुद्दा मला पटला. माझा क्रम चुकला होता. आधी खरेदी, मग लागण बंद. लातूरच्या डाळमिली आपल्या दारात आहेत. ऊस सोडणाऱ्या शेतकऱ्याची तूर-हरभरा सलग तीन वर्षं हमीभावानं घ्यायचा करार शासनानं लिहून द्यावा. मात्र पिण्याच्या पाण्यावर मी तडजोड करणार नाही. ऑक्टोबरात धरणात शहराचं आणि गावांचं दोन उन्हाळ्यांचं पाणी नसेल, तर उसाला कालवा सुटता कामा नये. करार झालेला असो वा नसो.

खोडवा
दुसऱ्या उन्हाळ्याचं पाणी राखायचं म्हणजे उभा ऊस वाळवायचा. ते मला मान्य नाही. नवी लागण थांबवा, पण लावलेल्याला पाणी द्या.

माझा तीन एकर ऊस आहे, त्यातल्या एका एकरातला खोडवा यंदा मोडतोय. असा करार हातात पडला तर त्या एकरात तूर घालीन. मृगाआधी कळायला हवं. नाहीतर जुलैत उसाचं बेणं येतंय.