‘रिटर फॉन’ : नाव की किताब?

प्रश्न : जर्मन दशस्पर्धापटू कार्ल हाल्टचं नाव कुठे ‘कार्ल हाल्ट’ तर कुठे ‘कार्ल रिटर फॉन हाल्ट’ असं दिसतं. ‘रिटर’ हे वडिलांचं नाव का? मराठीत ‘सरदार हाल्ट’ चालेल?

उत्तर : वडिलांचं नाव नव्हे. 1891 साली म्युनिकमध्ये जन्मला तो साधा कार्ल हाल्ट, आणि 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दशस्पर्धेत उतरला तोही याच नावाने. पहिल्या महायुद्धातल्या पराक्रमाबद्दल त्याला बव्हेरियाचा माक्स योसेफ लष्करी सन्मान मिळाला, आणि त्यासोबत नावाआधी ‘रिटर फॉन’ (‘रिटर’ म्हणजे इंग्रजीतला ‘नाइट’) हा किताब लावण्याचा हक्क. तो ज्याचा त्यालाच असे, मुलाबाळांकडे जात नसे. म्हणून ‘सरदार’ मला पटत नाही. आपल्याकडे सरदार म्हटलं की जहागीर आणि पिढीजात मान डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा ‘रावबहादूर’ जवळचा, कारण तोही व्यक्तीपुरता होता. तरी भाषांतर करूच नये. 1919 च्या जर्मन राज्यघटनेने असे किताब नावाचाच भाग ठरवले, तेव्हा ‘रिटर फॉन हाल्ट’ हे पुढे आडनावच झालं. सूचीत मात्र ‘ह’खाली शोधा.

दुसरं उत्तर : वरच्याशी सहमत. पण त्याच्या दुसऱ्या एका पदाचा अनुवाद जास्त जपून करायला हवा. 1944 पासून तो ‘राइख्सश्पोर्टफ्यूरर’ होता. याला ‘क्रीडामंत्री’ म्हणू नका. हे नाझी राजवटीतलं सर्वोच्च क्रीडापद होतं, आणि त्यातला ‘फ्यूरर’ (म्हणजे नेता; हिटलरचंही हेच बिरुद) मराठीत पुसला गेला तर वाचकाची दिशाभूल होते. मी ‘नाझी राजवटीचा क्रीडाप्रमुख’ लिहीन. हा माणूस 1929 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा सदस्य होता, 1936 च्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन हिवाळी ऑलिम्पिकच्या संयोजन समितीचा अध्यक्षही. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने त्याला बुखेनवाल्डच्या कैदी-छावणीत ठेवलं. 1950 मध्ये सुटला आणि 1951 मध्ये पश्चिम जर्मनीच्या ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष झाला! चरित्रात नुसतं ‘क्रीडा प्रशासक’ लिहिलं की हे सगळं झाकलं जातं, आणि तसं लिहिणं मला चूक वाटतं.

प्रश्नकर्ता : आभार. आणि ‘दशस्पर्धा’ की ‘डेकॅथलॉन’?

उत्तर : दोन्ही रुळलेले आहेत. ‘दशस्पर्धा’ लिहिताना ‘दहा स्पर्धा जिंकल्या’ असा अर्थ निघणार नाही एवढं पाहा. धावणं, उड्या, फेक अशा दहा प्रकारांचे गुण एकत्र करून एकच निकाल लागतो, म्हणून शब्द कायम एकवचनी ठेवा.