अनुभव धागा: माध्यम बदललं की हात का अडतो?

नाशिक तसं जलरंगाचं गाव. शिवाजी तुपे यांनी रंगवलेला गोदाकाठ पाहत आमच्यापैकी कित्येकजण शिकले. ओल्या कागदावर पाणी खेळवायचं आणि कागदाचा पांढरा राखायचा, हे हाताला इतकं सवयीचं झालं की त्याचा विचारही करावा लागत नाही. मग तोच हात तैलरंगाला, अॅक्रिलिकला, लिनोला (कोरून छापायच्या मऊ लादीला) लागतो आणि काही सुधरत नाही. चित्र बिघडल्याचं दुःख वेगळं. इथे होणारी चिडचिड निराळी असते: इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं गेलं, असं वाटायला लागतं.

"सराव करा, जमेल" असं सगळेच सांगतात. त्यापेक्षा नेमकं कुठे अडलं, रंगाने काय केलं आणि तुम्ही पुढे काय केलंत, ते लिहा. सोडून दिलं असेल तर तेही लिहा. सुरुवात मी करतो.

गंगापूर रोड, जलरंगातून तैलरंगाकडे

काळाराम मंदिर करायला घेतलं. काळा दगड आणि वर उन्हाळी आकाश. जलरंगात मी आधी आकाशाचा फिका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, देतो, उजेड कागदाचाच ठेवतो आणि गडद रंग शेवटी लावतो. तैलरंगात क्रम उलटा. गडद आधी आणि पातळ, उजेड शेवटी आणि जाड. हे मला तोंडपाठ होतं. पण ब्रश हातात आला की हात आपसूक आकाशाकडे जायचा, मग दगडाचा काळा त्या ओल्या आकाशात ओढला जायचा आणि सगळं राखाडी व्हायचं. त्यात पांढऱ्या ट्यूबचा संकोच. पारदर्शक जलरंगात वाढलेल्या माणसाला पांढरा रंग म्हणजे लबाडी वाटते, आणि तैलरंगात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पाण्याच्या सवयीने टर्पेंटाइनही सढळ पडायचं. सुकल्यावर तिथे निस्तेज डाग. थर चढत जातील तसं तेलाचं प्रमाण वाढवायचं असतं. उलट झालं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि रंग तडकतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी दोन-तीन दिवसांत सुकतो आणि शेजारचा आयव्हरी ब्लॅक कितीतरी दिवस बोटाला लागतो. मला सगळ्यात जास्त त्रास या थांबण्याचा झाला. जलरंग तासाभरात हो की नाही ते सांगतो.

शेवटी बाकीच्या ट्यूब कपाटात ठेवल्या आणि नुसता बर्न्ट अंबर आणि पांढरा घेऊन बसलो. रंगाचा प्रश्नच काढून टाकल्यावर क्रम हाताला लागला. आकाश अजूनही खुणावतं, पण आता मी ते थोपवून धरतो.

जुनं नाशिक, पाट्या रंगवणारा

सर, तुमचं उलटं ते माझं. मी इनॅमलवाला. फ्लेक्स आलं आणि आमचं काम गेलं. भद्रकालीत, मेनरोडला माझ्या हाताच्या पाट्या होत्या. मोठ्या भिंतीवर सूत मारून एका दमात अक्षर काढायचो. आता वेळ आहे म्हणून सराफ बाजाराची गल्ली जलरंगात करायला घेतली.

इनॅमल झाकतं. खालचा रंग कसाही असो, वरून मारला की संपलं. चुकलं तर ओलं असतानाच रॉकेलच्या फडक्याने पुसायचं. जलरंगात झाकणं नाहीच. पहिला वॉश अर्धवट सुकलेला असताना त्यात भरलेला ब्रश टेकला की नवीन पाणी आतल्या रंगाला ढकलत नेतं आणि कातरलेल्या कडेचा डाग फुलतो. तो पुसायला जावं तर आणखी पसरतो. मी तर प्रत्येक कड ठीकठाक करायला परत आत जाणारा माणूस. अक्षराची कड सोडून द्यायची हे मला कुणी कधी शिकवलंच नाही.

त्यात एप्रिल-मेचं नाशिक. ऊन कोरडं. वॉश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिलं टोक सुकतं. फार राग यायचा. जन्मभर सरळ रेघ मारणाऱ्या माणसाला एक भिंत रंगवता येऊ नये, याचं वाईट वाटतं हो. एका ओळखीच्या ताईंनी कागद मागून ओला करून काचेवर चिकटवायला सांगितलं. त्याने ओल टिकते. सकाळी सातच्या आत वॉश संपवतो. आता निम्मं काम वॉशवर सोडतो. जड जातं, पण सोडतो.

सिडको, शाळेत चित्रकला शिकवते

इंटरमिजिएटच्या मुलांना पोस्टर कलर करून दाखवण्यात माझी वर्षं गेली. त्यातले गडद रंग सुकल्यावर थोडे फिके पडतात, हे डोळ्यात बसलेलं. मग अॅक्रिलिकमध्ये आईचं पोर्ट्रेट घेतलं. अॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतं, कारण त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं द्रव्य, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि सुकलं की पारदर्शक होतं. गालाचा रंग आज जुळवला की उद्या तो एक पायरी खाली उतरलेला. त्याच्याशी जुळेल असा नवा रंग केला की तोही उतरायचा. आईचा चेहरा दिवसेंदिवस सावळा होत गेला. त्या आठवड्यात मी खरंच रडले. आपल्या माणसाचा चेहरा हाताखालून निसटतो तेव्हा तंत्र वगैरे काही सुचत नाही.

आता प्रत्येक मिश्रण आधी पट्टीवर लावते, सुकवते, ती पट्टी कॅनव्हासला टेकवून बघते आणि मगच पुढे जाते. वेळखाऊ आहे, पण मला दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

देवळाली कॅम्प, लिनो

उलटी छपाई मला नडली नाही, लिनो नडला. डिसेंबरच्या सकाळी तो दगड होतो, हत्यार घसरतं आणि बोट कापतं. उन्हात ठेवा, मऊ पडतो. चेहऱ्याची बाह्यरेषा कोरून झाल्यावर घसरलेलं हत्यार जे नेतं ते परत येत नाही, एवढंच.

अंबड, कंपनीत नोकरी, एग टेम्परा

मी सोडलं. आणि धागा सुरू करणाऱ्या दादांशी मी थोडा असहमत आहे. दर वेळी हाताची सवयच आड येते असं नाही, काही माध्यमांशी आपला स्वभाव जुळत नाही.

एग टेम्परा म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग. घरात अंडं चालत नाही, म्हणून सगळं गच्चीत. पिवळा बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर घोळवायचा, प्रत्येक वेळी एक तळवा पुसून कोरडा करायचा. बाहेरचा पांढरा चिकटा गेला की ती पातळ पिशवी चिमटीत धरून टोचायची, आतला बलक वाटीत सोडायचा आणि पिशवी टाकून द्यायची. हे मला मनापासून आवडायचं. पुढचं नाही. रंग लावताक्षणी सुकतो. ओढता येत नाही, मिसळता येत नाही. बारीक ब्रशने रेघेशेजारी रेघ टाकत सावली उभी करायची. शिफ्ट करून आल्यावर माझ्याच्याने ते होत नाही. मला मोठा ब्रश आणि मोकळा खांदा लागतो. सोडल्याचं दुःख नाही, आणि त्या बलकाचा पिवळा आठवतो हेही खरं.

इंदिरानगर, वारली

पेठ तालुक्यातल्या एका मावशींकडे बसून शिकते आहे. गेरूच्या जमिनीवर तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक, ब्रशच्या जागी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता शहरातल्या भिंतीभिंतीवर ती दिसते. पण काडी धरल्यावर कळतं.

ओली रेघ दिसतच नाही. गेरूवर नुसती ओल दिसते, पांढरेपणा सुकल्यावर येतो. मला वाटायचं रंग कमी पडला, म्हणून त्यावरून दुसरी रेघ द्यायचे. सुकल्यावर ती जाड व्हायची आणि पोपडे निघायचे. मावशी म्हणायच्या, "बाई, थांब, येईल ती." आणि दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो, तिथे माझा हात लगेच खांदा गोल करायला जातो. कॉलेजात ज्यासाठी मार्क मिळाले तेच इथे नको असतं. सध्या मी फक्त नाचणाऱ्यांची रांग काढते. ती हलायला लागेपर्यंत पुढचं काही घेणार नाही.

जुनं नाशिक, पाट्या रंगवणारा

सिडकोच्या ताई, तुमची पट्टी वाचली. आम्ही जुन्या पाटीवर एखादंच अक्षर नवं करायचं असलं की असंच करायचो. पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचा, उन्हात सुकवायचा, पाटीला लावून बघायचा. एक सांगतो, पट्टी पांढऱ्या कागदाची घेऊ नका. आईच्या चेहऱ्याखाली जो रंग आहे तोच पट्टीवर आधी मारा, नाहीतर वरचा रंग पट्टीवर एक दिसेल आणि कॅनव्हासवर दुसरा. आणि पूर्वीच्या एखाद्या तैलरंगाच्या कॅनव्हासवर अॅक्रिलिक मारायचा विचार असेल तर नको, ते धरत नाही, पापुद्रे सुटतात. उलटं चालतं.