देहावरची कविता: सौंदर्य आणि पावित्र्य एकत्र कसं साधायचं?

ओळखीची_लय:
मानवी देहाच्या सौंदर्यावर आणि पावित्र्यावर मुक्तछंदात कविता लिहिते आहे. डोळे, ओठ, कंबर असं वर्णन केलं की जुन्या उपमांची यादी होते. ‘देह हे मंदिर’ या वाटेनं गेलं की कवितेतून देहच नाहीसा होतो, उरतं प्रवचन. सुरुवात कुठून करायची, काय गाळायचं, हे जाणकारांनी नेमकं सांगावं.

पदादिकेशांत:
आधी नजरेची दिशा ठरवा. संस्कृत काव्याचा संकेत असा की माणसाचं वर्णन डोक्यापासून खाली करायचं, देवाचं पायांपासून वर. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीचं वर्णन पायाच्या अंगठ्याच्या नखांपासून सुरू होतं आणि केसांपाशी संपतं. तिथे ‘पवित्र’ म्हणावंच लागत नाही, नजर पायांशी सुरू झाली यातच नमस्कार आला. बायबलमधल्या ‘गीतरत्ना’त दोन्ही वाटा आहेत: चौथ्या अध्यायात प्रियेच्या डोळ्यांपासून खाली, सातव्यात पावलांपासून केसांपर्यंत. आणि पाचव्यात ती त्याच्या देहाचं वर्णन करते, हे विसरू नका.

अवयव चार-पाचच घ्या. डोळ्यांवरून थेट घोट्यावर आणि परत मानेवर गेलात तर वाचकासमोर देह जुळत नाही, सुटे तुकडे राहतात. उडी मारायचीच असेल तर देहाच्या हालचालीतून मारा. हात वर गेला की नजर मनगटावरून कोपराकडे आणि तिथून काखेकडे आपोआप येते.

क्रियापद_आधी:
यादी होते कारण अवयव नुसते असतात, काही करत नाहीत. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां’ पाहा. ‘सुंदर’ हे एकच विशेषण, आणि त्याच्या जोडीला उभं राहणं आणि हात ठेवणं. मूर्ती दिसते ती या दोन क्रियांमुळे. तुमच्या मसुद्यातली ‘कोमल’, ‘नाजूक’, ‘दिव्य’ अशी सगळी विशेषणं खोडा आणि उरलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला देह कसा उभा किंवा बसला आहे हे सांगता आलं नाही, तर क्रियापदं कमी पडताहेत. शब्दही नेमके हवेत: ‘पाय’ऐवजी पोटरी, टाच, तळवा; ‘हात’ऐवजी बोटांची पेरं.

साडेतीन_चरण:
पावित्र्याबद्दल सोयराबाईंच्या अभंगाइतका चांगला धडा मला दुसरा दिसत नाही.

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥

मोठ्या अभंगाचं माप: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. ‘सकळ–निर्मळ’ हे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, आणि चौथा चरण तोकडा. त्यामुळे सगळा भार ‘शुद्ध बुद्ध’वर येऊन थांबतो. इथेच अभंग संपता तर आत्मा वाचला असता, देह विटाळातच राहिला असता. पण पुढच्याच ओळीत सोयराबाई देहाकडे वळतात: विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण? विटाळाशिवाय कोणताही देह निर्माण होत नाही, असं त्या पुढे म्हणतात. पावित्र्य इथे युक्तिवादातून सिद्ध होतं. ‘देह हे मंदिर’ म्हणताना देव आत बसवला जातो आणि देहाची भिंत होते. तुमचं प्रवचन तिथेच सुरू होतं.

मुक्तछंदातही हे माप वापरता येतं: तीन लांब ओळी, मग एक आखूड, आणि वजनाचा शब्द त्या आखूड ओळीत.

ओळखीची_लय:
हे फार उपयोगी आहे, आभार! सुंदर मानले न जाणारे भाग, आतडी वगैरे, घ्यावेत का?

पदादिकेशांत:
जरूर. मी चार-पाच म्हटलं, पण यादीच करायची तर अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनसारखी पूर्ण करा. १८५५मध्ये छापलेल्या देहावरच्या कवितेला त्यानं १८५६मध्ये शेवटचा भाग जोडला. त्यात डोळे-ओठांच्याच रांगेत फुप्फुसं, जठर, आतडी येतात, कुणालाही खालची जागा नाही. आणि शेवटी तो ठामपणे म्हणतो की हेच सगळं आत्मा आहे. हे विधान काढलं तर मागे शरीरशास्त्राची अनुक्रमणिका उरेल. तेव्हा आतडी घ्या, पण त्यांच्यासाठी वेगळं, कुजबुजतं कडवं करू नका. ओठांच्याच ओळीत, त्याच आवाजात येऊ द्या.