वास येत नाही, काय करू?

प्रश्न: कोविड होऊन सात महिने झाले, अजून फोडणीचा वास येत नाही आणि कॉफी तर जळक्या रबरासारखी लागते, झिंकच्या गोळ्या खाऊन पण काही फरक नाही. कोणाला परत आलाय का?

– मला आला, पण वर्ष गेलं. ईएनटीवाल्या मॅडमनी स्मेल ट्रेनिंग (रोज ठरावीक वास हुंगायचा सराव) दिलं, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून 2 वेळा, प्रत्येकी 15-20 सेकंद, निदान 3 महिने. जर्मनीतल्या हुमेल या संशोधकांनी 2009 मधल्या अभ्यासात हेच चार वास वापरलेले. नुसतं हुंगू नका, तो वास आठवायचा पण. जाम कंटाळा येतो.

– जळका वास येणं वाईटच असं नाही हो, बऱ्याचदा नसा परत जुळताना होतं तसं. स्टिरॉइड मात्र मनाने घेऊ नका.

– आधी गॅस डिटेक्टर बसवा! माझ्यासमोर दूध करपून पातेलं काळं झालं तरी पत्ता नव्हता.