प्रेमकथांचे मांगा आणि बालपुस्तके : आपले वाचनानुभव लिहा

घरी कोणी आले की पालथी घालून ठेवावीत अशी माझ्याकडे दोनच प्रकारची पुस्तके आहेत. एक शोजो, म्हणजे जपानमध्ये किशोरवयीन मुलींसाठी काढले जाणारे मांगा (जपानी चित्रकथा), ज्यांत प्रेमकथांचा भरणा मोठा असतो. आणि दुसरी चित्रांची बालपुस्तके. पहिल्यांविषयी "हे काय तुमचे वय आहे का" असे विचारले जाते आणि दुसऱ्यांविषयी "मुलांसाठी घेतलीत ना" असे. चित्रावर आणि पानावरच्या कोऱ्या जागेवर एवढी भिस्त ठेवणारे लेखन इतरत्र क्वचितच सापडते, आणि केवळ शब्दांमागे धावण्याची सवय झालेल्या मोठ्यांना ते त्यामुळेच उथळ वाटते, असे माझे मत आहे. आपण काय वाचले, काय अर्धवट टाकले आणि का, हे सविस्तर लिहावे. नुसती नावांची यादी नको.

सुरुवात मीच करतो; पुढे तारकांनंतरचे प्रत्येक लेखन निराळ्या वाचकाचे आहे. पहिला मांगा मी उलटा वाचला. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे उलगडते हे ठाऊक नसल्याने माझ्या कथेत नायक-नायिका आरंभीच एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, मग त्यांच्यात अबोला झाला, मग जेमतेम ओळख उरली आणि अखेर ती दोघे पूर्ण अनोळखी होऊन शाळेच्या फाटकातून आत गेली. मला ती रचना फार धाडसी वाटली होती! पूर्वी परदेशी वाचकांच्या सोयीसाठी पाने आरशातल्यासारखी उलटवून छापत असत, पण तसे केले की सगळी पात्रे डावखुरी होतात आणि किमोनोची उजवी बाजू डावीवर येते, जी जपानमध्ये मृतदेहाला नेसवताना येते. तेव्हा वाचकानेच दिशा बदललेली बरी.

* * *

मी जपानी शिकत असताना "सोपे म्हणून बालपुस्तकापासून आरंभ करा" हा सल्ला मिळाला आणि तो साफ चुकीचा निघाला. अगदी लहान मुलांची पुस्तके केवळ हिरागाना या ध्वनिलिपीत असतात, त्यामुळे अर्थ सुचवणारी कांजी चिन्हे नसतात आणि प्रौढ विद्यार्थी नुसत्या ध्वनींच्या रानात हरवतो. याउलट किशोरांसाठीच्या मांगात कांजी असतात आणि त्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार, म्हणजे फुरिगाना, छापलेला असतो. मी प्रेमकथांवरच भाषा शिकलो, हे शिक्षकांना मात्र कधी सांगितले नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती म्हणजे ध्वन्यनुकारी शब्दांची रेलचेल. "दोकी दोकी" म्हणजे आपली धडधड, हे समजायला वेळ लागत नाही. पण कोणीच काही बोलत नसताना पानभर "शीईन" असे लिहिलेले पाहून मी गोंधळलो. तो शांततेचा आवाज आहे. शांतता किर्र असते हे मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे एवढे एक पान तरी मला वर्गातल्या इतरांच्या आधी कळले.

* * *

मी येथे तक्रार नोंदवणार आहे. मुलीला भिंतीशी गाठून तिच्या कानाशेजारी हात आपटणे याला जपानीत "काबेदोन" असे खास नाव आहे, आणि शोजोमध्ये ते प्रेमाचे लक्षण म्हणून कितीदा येते याची गणना मी सोडून दिली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या "हाना योरी डांगो" या शोजो मांगाचा नायक आधी नायिकेचा जाहीर छळ करवतो आणि नंतर तिच्या प्रेमात पडतो. चौदाव्या वर्षी मी त्याच्यासाठी रडले. तिशीत पुन्हा वाचताना प्रत्येक पानावर तिने तेथून निघून जावे असे वाटत राहिले, आणि तरीही पुस्तक मी शेवटपर्यंत सोडले नाही, हे मान्य करायला हवे.

* * *

मी "नाना" वाचते असे सांगितले तेव्हा आत्याला ते कोणा वडीलधाऱ्यांचे चरित्र वाटले. आई याझावा यांची ही कथा रेल्वेत शेजारी बसलेल्या, नाना हेच नाव असलेल्या दोन विशीतल्या मुलींची आहे. प्रेमप्रकरणे अनेक आहेत, पण मला त्यातली मैत्रीच खरी प्रेमकथा वाटते. २००० मध्ये सुरू झालेली ही मालिका लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ मध्ये थांबली आणि एकवीस खंडांवर अडकली. त्या मुली विशीतच राहिल्या. मी मात्र त्यांच्या आयांच्या वयाला येऊन पोहोचले.

* * *

"किमी नि तोदोके" या शोजो प्रेमकथेचे तीस खंड आहेत. मी तिसऱ्यानंतर थांबलो. मनातले बोलायला एवढा वेळ घेणाऱ्या माणसांविषयी मला सहानुभूती आहे, धीर नाही.

* * *

माझा अनुभव भाचीचा आहे. ती चार वर्षांची असताना मॉरिस सेंडॅक यांचे "व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर" मी तिला जवळजवळ रोज वाचून दाखवत असे. १९६३ च्या या पुस्तकात पहिले चित्र लहान आहे आणि भोवती पांढरा समास रुंद आहे. मुलाच्या खोलीत रान वाढू लागते तशी चित्रेही वाढत जाऊन समास गिळतात आणि मधल्या तीन जोडपानांवर शब्दच उरत नाहीत. तेथे गप्प राहणे मला जमत नसे. मी आपली काहीतरी वाक्ये घालायचे, तेव्हा भाचीने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, इथे नाही बोलायचं." शेवटच्या पानावर तर उलट प्रकार आहे : जेवण अजून गरमच होते एवढेच शब्द, आणि चित्र अजिबात नाही.

पुढे मी मांगा वाचू लागले तेव्हा हा हात मला फार उपयोगी पडला. नायिकेच्या मनातले विचार फुग्याबाहेर तरंगत येतात, चौकटी विरघळतात, आणि ऐन कबुलीच्या पानावर एखादाच डोळा किंवा रिकामे आकाश असते. पूर्वी मी अशी पाने दोन सेकंदांत उलटली असती.

* * *

मी शिक्षक आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे स्वतःच्या शाळेच्या आठवणींचे "तोत्तोचान" नवव्या वर्षी वाचले तेव्हा मला केवळ आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा हवी होती. त्यातली चित्रे चिहिरो इवासाकी यांची आहेत, आणि पुस्तक १९८१ मध्ये निघाले त्यापूर्वीच, १९७४ मध्ये, त्या वारल्या होत्या, म्हणजे तोत्तोचान ही मुलगी चित्रकर्तीने कधी वाचलेलीच नव्हती, हे मोठेपणी कळल्यावर मी बराच वेळ पाने चाळत बसलो. पहिल्या भेटीत मुख्याध्यापक त्या मुलीचे बोलणे चार तास न कंटाळता ऐकतात. गेल्या वर्षी एका मुलाने मला त्याच्या मांजरीविषयी सांगायला सुरुवात केली, आणि सतराव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिले.