मदत हवी आहे : आईला 'कॅन्सर' हा शब्द कसा सांगू?

नमस्कार. आईच्या (वय ६१) स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. कॅन्सर आहे, दुसरी स्टेज. परळच्या टाटामध्ये दाखवलंय. आधी केमो, मग ऑपरेशन असं डॉक्टरांनी सांगितलंय. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बघतोय, खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद जमवतोय. ती धावपळ निभेल.

अडलंय ते वेगळंच. आईला अजून "गाठ आहे, औषधानं विरघळेल" एवढंच सांगितलंय. दादा म्हणतो, नाव ऐकलं तरी ती हातपाय गाळेल. मावशी याच दुखण्यानं गेली आणि शेवटचे दोन महिने आईनेच तिचं सगळं केलं. पण टाटाच्या ओपीडीत बसल्यावर तिला कळणार नाही का? काल देवापुढं दिवा लावताना मला म्हणाली, "तू हल्ली माझ्याकडं बघून बोलत नाहीस." मला उत्तर देता आलं नाही. केस गळायला लागायच्या आत तिला आमच्याच तोंडून कळावं असं मला फार वाटतं.

तुमच्या घरी कुणी सांगितलं, कसं? डॉक्टरांसमोर सांगितलेलं बरं की घरीच? आणि केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊन संसर्गाची भीती असते, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना न दुखावता कसं थांबवलंत? गावाकडं रोज कुणी ना कुणी येतंय.

सोमवारी पहिली केमो आहे. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर फार आधार होईल.