मदत हवी आहे : वडिलांना अंतराचा अंदाज येत नाही, फंक्शनल एमआरआय करावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. वडील ७१ वर्षांचे, हयात चादरींच्या कारखान्यात गेली, जेकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागासाठी आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवायचे. आता स्कूटर लावताना दोन गाड्यांमधली जागा कळत नाही. सात रस्त्याला आले की कुठला रस्ता धरायचा तेच उमजत नाही. नावं, हिशेब, जुनी येणी मात्र तोंडपाठ! त्यामुळे घरात कोणी मनावरच घेतलं नाही.

न्यूरॉलॉजिस्टनी मोका (स्मरण, आकलन तपासणारी छोटी) चाचणी घेतली, ३० पैकी २३ गुण. घन आणि घड्याळ काढताना जास्त गडबड झाली. रोजची कामं स्वतः करतात, म्हणून निदान 'एमसीआय', म्हणजे बुद्धीच्या कामात सौम्य घट. साध्या एमआरआयमध्ये 'वयानुसार बदल', बस. भाऊजी म्हणतात फंक्शनल एमआरआय करून मेंदूचा नेमका कुठला भाग मंदावलाय ते बघू. पुण्याला जावं का? खर्चापेक्षा त्यांची दगदग नको वाटते.

प्रतिसाद :
त्यासाठी पुणे गाठू नका. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून मेंदूचं काम टिपतो. दिसलेलं 'कुठे आहे' हे ठरवणारा मार्ग मेंदूच्या मागच्या भागातून वर पराएटल लोबकडे (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा भाग) जातो, 'काय आहे' हे ओळखणारा खाली टेम्पोरलकडे (कानाजवळचा भाग). ही मांडणी १९८२ची, उंगरलायडर आणि मिश्किन यांची. एमसीआयवरच्या अभ्यासांत जागा ओळखण्याच्या कामाच्या वेळी मेंदूचे काही भाग कमी पेटतात (कमी काम करतात), काही उलट जास्त. जास्त पेटणं ही बहुधा भरपाईची धडपड. पण हे गटांच्या सरासरीतून दिसतं. एका माणसाच्या चित्रावरून निदान होत नाही. दवाखान्यात ही तपासणी मुख्यतः मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी वापरतात.

आधी मोतीबिंदू आणि नजरेचं क्षेत्र तपासून घ्या, बी१२ आणि थायरॉईडही. स्कूटर तूर्त बंदच ठेवा, यात भीड नको. मग सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी, म्हणजे स्मरण, भाषा, जागेचं भान असं एकेक तपासणं. स्मरण शाबूत आणि जागेचं भान आधी गेलं, तर पोस्टिरियर कॉर्टिकल अॅट्रोफीचाही (मेंदूचा मागचा भाग आक्रसण्याचा आजार) विचार होतो; डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. शंका उरलीच तर एफडीजी पेट हा स्कॅन उपयोगी, त्यात पराएटल भागाचा ग्लुकोज वापर कळतो.

आणि झालेला एमआरआय पुन्हा वाचून घ्या. पराएटल आक्रसण्याला ० ते ३ अशी कोडाम श्रेणी असते, रिपोर्टमध्ये ती बहुतेकदा लिहीतच नाहीत. नुसता कागद नको, सीडी घेऊन जा.